सटवाईचं ना-हरकत पत्र

भिवंडीच्या बोली जतन कक्षाचा कनिष्ठ नोंदणी अधिकारी अनय शिव्यांची नोंद करायला खारबाव गावात राहीबाईंच्या दारी आला, तेव्हा त्यांची नात करिष्मा हिची हळद आठ दिवसांवर आली होती. हळदीला वरपक्षाला गाण्यातून यथेच्छ शिव्या द्यायच्या, हा तिथला मान. शिवी मिळाली नाही की पाहुणा रुसलाच म्हणून समजा. आणि शिव्या खाव्यात तर राहीबाईंच्याच, असं पार मानकोलीपर्यंत मत होतं.

"'सटवी' हा शब्द आपल्याला कुणी दिला?" अनयने फॉर्म उघडला.

"माजे आयशीनं."

"तिला?"

"तिचे आयशीनं. आता मसणात जाऊन इचारतोस का?"

अनयने लिहिलं: पुरवठादार मयत.

छाननीत वरिष्ठांनी शेरा मारला. शब्द सटवाईवरून आलेला दिसतो, म्हणजे बाळाच्या कपाळी नशीब लिहिणाऱ्या देवीवरून. सबब मूळ मालकीण देवी. तिचं ना-हरकत पत्र जोडावं. कपाळावरची सही ग्राह्य धरली जाणार नाही. आता बोला! तोवर राहीबाईंचे नोंदवलेले सगळे त्रेचाळीस शब्द 'संरक्षित' घोषित झाले आणि त्यांचा वापर बंद.

"वापरानं शब्द झिजतात, आजी," अनयने समजावलं.

"अरं मेल्या, गप बसून कंदी शबूद जगलाय का?"

"'मेल्या'. विनापरवाना वापर, एक वेळ," त्याने टिपून घेतलं. "पुन्हा झाला तर मंडपाची परवानगी रद्द."

हळदीच्या दिवशी राहीबाई तोंडात पदर कोंबून बसल्या. "आजी, एक तरी शिवी दे गं," करिष्मा रडवेली झाली. "माझी हळद मुकी चाललीय." नवरदेवाचे काका तुळशीराम बराच वेळ वाट पाहून ताटावरून उठले. "आमच्यात काय खोट दिसली, म्हातारी एक शिवी देत न्हाय ती?" राहीबाईंच्या शिव्या तर गळ्यापर्यंत आल्या होत्या. पण मंडपाकडे बघून त्यांनी साऱ्या गिळल्या.

कक्षाचा अहवाल गेला: शब्द त्रेचाळीस, वापर शून्य, जतन शंभर टक्के.

या यशानंतर कक्षाने 'आदर्श जतनकर्ते कुटुंब' हा सन्मान सुरू केला आहे. अट एकच, आजीचा एकही शब्द घरातल्या नातवंडांना येता कामा नये. खारबावातून अजून कुणी पात्र ठरलेलं नाही. वाचकहो, तुमचं नाव मात्र कक्षाने परस्पर मंजूर केलं आहे. घरी येऊन तपासण्याची गरज वाटली नाही.