स्पर्धा पाहिल्याचा बिल्ला

कन्येची फिगर स्केटिंगची अंतिम फेरी जवळ आली, तेव्हा एक जबाबदार पालक या नात्याने मी प्रथम कोटावर नव्या बिल्ल्यासाठी जागा केली. प्रत्येक स्पर्धेचा स्मरणार्थ बिल्ला निघतो. माझ्या कोटावर ते इतके झालेत, की खुंटीने हाय खाल्ली आहे.

पूर्वी लोक बिल्ला घेऊन स्पर्धेआधीच पसार होत. त्यांना अद्दल घडावी म्हणून संयोजकांनी नियम केला, की बिल्ला फक्त स्पर्धा चालू असतानाच मिळेल. नियम चोख होता. बिल्ल्यांची खिडकी तेवढी मैदानाबाहेर होती. या फेरीपासून खऱ्या रसिकांची कदर म्हणून, मागचा बिल्ला दाखवील त्यालाच आत जागा, असेही ठरले.

"बाबा, आज तरी बघशील ना? ती अवघड उडी मी आज पहिल्यांदाच मारणारेय," बुटाची नाडी आवळत कन्या म्हणाली.

"अगं, तुझ्यासाठीच तर रांगेत उभा राहतो!"

तिच्या आईने मागची प्रत्येक फेरी डोळ्यांत तेल घालून पाहिली होती. साहजिकच तिच्याकडे एकही बिल्ला नव्हता. दारावरच्या माणसाने तिला अडवले.

"मी आई आहे हो तिची!"

"असाल. पण प्रेक्षक आहात याला पुरावा काय?"

बिचारी रांगेत माझ्यामागे येऊन उभी राहिली. आत संगीत सुरू झाले. तिच्यामागे तिन्ही परीक्षक उभे होते.

"अहो, मग गुण कोण देतंय?" तिने घाबरून विचारले.

"बिल्ला मिळू दे, मग देतो. घाई करून अन्याय नको व्हायला."

एवढ्यात आतून धप्पकन आवाज आला. ही धावली, पण मी तिची बाही धरली. "वेडी आहेस का? नंबर जाईल!"

काही वेळाने कन्या बाहेर आली. चेहरा लालबुंद, श्वास फुललेला.

"पाहिलंत?"

आम्ही सर्वांनी नवा बिल्ला लावलेली छाती अभिमानाने पुढे केली. तिने एकेक बिल्ला नीट पाहिला आणि खाली बसून ती बूट सोडू लागली.

उडी साधली की पोरगी पडली, हे मला काय विचारता? तुम्हीही पहिल्यापासून इथेच, माझ्या मागेच तर उभे आहात. सरका पुढे, खिडकी बंद व्हायची वेळ झाली.