आत कुणीतरी पाहिजे

आमच्या भवानी पेठेत गाणं शिकायला म्हणून कुणी रेवणअण्णांच्या दारात उभं राहिलं, की अण्णा त्याचा आवाज ऐकायचे नाहीत. आधी काय शिकलात तेही विचारायचे नाहीत. चष्मा कपाळावर सरकवून एवढंच म्हणायचे, "राग कुणाचा येतो?"

समोरचा गोंधळायचा. कुणी चाचरत म्हणायचं, "भूप येतो थोडाथोडा."

"त्यो न्हवं. डोस्क्यात जातोय त्यो. आपला राग कुणावर हाय हे ज्याला ठाऊक न्हाई, त्याला मी दुसरा राग काय शिकवू?"

मी गेले तेव्हा माझी मुलगी नुकतीच लग्न होऊन नांदेडला गेली होती. घरात मी, नवरा आणि टीव्ही. त्यातला टीव्हीच काय तो बोलायचा. शाळेत दिवसभर गणित शिकवून परत आलं की घर अंगावर यायचं. म्हणून म्हटलं, गाणं शिकावं. अण्णांनी तो प्रश्न विचारला तेव्हा मी शहाण्यासारखं उत्तर दिलं, "मला तसा कुणाचाच राग येत नाही."

"मग आत्ता जमायचं न्हाई. आला की या," असं म्हणून त्यांनी दार लावून घेतलं.

पुढचे कितीतरी दिवस भाकरी थापताना मी त्यांच्याशी मनातल्या मनात भांडत होते. शेवटी एका संध्याकाळी जाऊन सांगून टाकलं, "तुमचा येतो."

अण्णांचा चेहरा पहिल्यांदाच मऊ झाला. "बसा. हे खरं हाय."

उंच, वाळका माणूस. कपाळावर भस्माचे पट्टे, आणि गळ्याभोवती बारा महिने मफलर, सोलापूरच्या उन्हाळ्यातसुद्धा. कुणी हसलं तर म्हणत, "गळा म्हंजे देव्हारा हाय. देव्हारा उघडा टाकतेत का?" शिकवणीची खोली अंधारी होती. तिला एकच खिडकी, आणि खिडकीसमोर बंद पडलेला यंत्रमागाचा कारखाना. पूर्वी म्हणे मागांच्या खटखटीवर शिष्यांना ताल धरायला सांगत. आता त्या खिडकीतून फक्त धूळ यायची.

अण्णा मुळात चादरीच्या दुकानात विक्रेते होते. गिऱ्हाइकानं विचारलं, "रंग पक्का आहे ना?" की सांगायचे, "न्हाई. दोन धुण्यात उतरतोय. पलीकडच्या दुकानात बघा." मालक भला माणूस. त्यानं त्यांना काढलं नाही, मागच्या गोदामात बसवलं. तिथं गिऱ्हाईक यायचं नाही. निवृत्त होईपर्यंत अण्णा त्या अंधारात चादरींच्या घड्यांमध्ये बसून रियाझ करत राहिले.

त्यांची विचारसरणी अशी कुठल्या पुस्तकात सापडायची नाही. देव कुठं असतो? "दोन सुरांच्या मधी जी जागा हाय, तितं. लोक ह्या सुरावरनं त्या सुरावर उड्या मारतेत आणि देवाला तुडवून जातेत." माणसाचं मनही ते सुरांवरूनच तपासायचे. कोपऱ्यावरच्या किराणावाल्याला एकदा भर दुकानात म्हणाले, "तुमचा गंधार उतरलाय. घरात तुमचं कुणी ऐकत न्हाई." त्या बिचाऱ्यानं घाबरून रक्त तपासून घेतलं. रिपोर्टमध्ये सगळं नीट निघालं, पण घरात त्याचं कुणी ऐकत नव्हतं हे मात्र खरं होतं. तंबोऱ्याच्या मधल्या दोन तारा दाखवून मला एकदा म्हणाले, "ही जोड. दोघींचा सूर एकच, पण एकदम छेडायच्या न्हाईत. एकीच्या मागनं दुसरी. नवराबायकोचं बी तसंच असतंय, बाई."

आणि सगळ्यांच्या वर त्यांचा नीतिनियम. खोटं बोलणाऱ्याचा षड्ज हलतो. मग तो कितीही मोठा गवई असो, पहिला 'सा' लावताना त्याची लबाडी बाहेर येणारच. म्हणून अण्णा कधी खोटं बोलायचे नाहीत. तोंडदेखलंसुद्धा नाही. एका वास्तुशांतीला यजमानानं कौतुकानं विचारलं, "घर कसं वाटलं, अण्णा?" तर म्हणाले, "घर चांगलं हाय, पण तुमच्या दोघांस्नी आवडलेलं दिसत न्हाई." नवराबायकोंनी एकमेकांकडे पाहिलं, आणि पंगतीत कुणी बोलेना.

अशा वेळी मागून गंगाक्का यायच्या. अण्णांची बायको. माहेर अक्कलकोटकडचं, त्यामुळे तोंडात निम्मं कानडी. दारात माणूस दिसला की "बर्री, बर्री" म्हणत आत घ्यायच्या. त्या वास्तुशांतीच्या घरी दुसऱ्या दिवशी शेंगाचटणी घेऊन गेल्या आणि सांगून आल्या, "आमचे हे रात्री लई नाव काढत होते की हो तुमच्या घराचं." शिकवणीत कुणाला बोलणी बसली की जिन्यापर्यंत त्याच्या मागं जायच्या. त्यांच्याकडे शिकवणीतलं एक कामही होतं. नव्या माणसाला 'सा' त्या द्यायच्या. अण्णाच सांगायचे, "हिच्याइतका थिर षड्ज आख्ख्या पेठेत कुणाचा न्हाई."

मी शिकायला लागून बरेच दिवस झाल्यावर मला कळलं की या दोघांना एक मुलगा आहे. मल्लिनाथ, घरचा मल्लू. तो पुण्याला नोकरीला होता आणि बापाशी बोलत नव्हता.

गोष्ट मला सलीमभाईंनी सांगितली. ते रिक्षा चालवतात आणि माझ्या आधीपासून अण्णांकडे शिकतात. मल्लूला अण्णांनी लहानपणापासून शिकवलं होतं. आवाज असा की पेठेतले लोक कामं टाकून ऐकायचे. कॉलेजात असताना गल्लीच्या गणपतीपुढं त्याचं पहिलं मोठं गाणं झालं. टाळ्या थांबेनात. कुणीतरी माइक अण्णांच्या हातात दिला आणि म्हणालं, पोरगं कसं गायलं ते बापानं सांगावं.

अण्णा म्हणाले, "सूर बरोबर होते. आत कुणी न्हवतं."

"लडका वहींच बैठ गया," सलीमभाई म्हणाले. "उसके बाद गायाच नहीं."

मी अण्णांना या गोष्टीबद्दल कधी विचारलं नाही. त्यांनीच एकदा शिकवताना, कशावरून तरी, खिडकीकडे बघत म्हटलं होतं, "आवाज म्हंजे घर हाय, बाई. घर लई देखणं असतंय, पर आत कुणीतरी राहाय पाहिजे." त्या दिवशी शिकवणी लवकर सुटली.

या थंडीच्या सुरुवातीला गंगाक्का आजारी पडल्या. दुखणं पोटातलं होतं आणि उशिरा कळलं. दवाखान्यात मी भेटायला जायची. अण्णा कॉटशेजारी स्टुलावर ताठ बसलेले असायचे. डॉक्टरांनी त्यांना सगळं सांगितलं होतं. अण्णा चहाला खाली गेले तेव्हा गंगाक्का मला म्हणाल्या, "मी बरी व्हते का न्हाई, त्यांना विचारत न्हाई मी. खरं सांगून मोकळे हुतील, मग त्यांनाच झेपायचं न्हाई. बिचाऱ्याला संकटात कशाला घालायचं?"

अण्णा परत आले तर त्यांनाच उलट म्हणाल्या, "आज जरा बरं वाटतंय की." अण्णांनी नुसती मान हलवली.

त्या गेल्या. लिंगायत रीतीप्रमाणे माती झाली. मल्लू आला आणि त्यानं सगळं नीट केलं. बापलेक बोलले ते कामापुरतं. स्वामींना कधी बोलवायचं, पाहुणे किती, गॅसचं सिलिंडर कुठं आहे. एवढंच.

चारपाच दिवसांनी आम्ही शिकवणीतली माणसं बसायला गेलो. मी, सलीमभाई, आणि पद्मा नावाची नर्स. शिकवणीच्याच खोलीत सतरंजीवर बसलो. मल्लू दाराशी भिंतीला टेकून होता. अण्णा आत स्वयंपाकघरात आहेत, असं त्यानं सांगितलं. मग सलीमभाई हळूच म्हणाले, "अक्का मेरेकू हमेशा बोलती थी, अन्ना रातकू तुम्हारीच तारीफ करते. सब में तुम अच्छा गाते करके."

पद्मा त्यांच्याकडे बघत राहिली. "मला पण हेच सांगायच्या. सगळ्यांत तूच, म्हणून."

"मलाही," मी म्हटलं.

आम्ही तिघं एकमेकांकडे बघत होतो. सलीमभाईंना हसू आलं, आणि हसता हसता त्यांनी रुमाल डोळ्यांना लावला. आम्हा तिघांनाही ठाऊक होतं, की अण्णांनी आमच्यापैकी कुणाचीच तारीफ केली नसणार. आमचं गाणं तसं नव्हतंही.

"मला पण सांगायची," दाराशी बसलेला मल्लू म्हणाला. तो जमिनीकडे बघून बोलत होता. "दर रविवारी फोन करायची. म्हणायची, अण्णा तुझी रोज आठवण काढतेत. तुझ्यासारखा आवाज परत ऐकला न्हाई म्हणतेत."

तेवढ्यात मला दिसलं, की अण्णा स्वयंपाकघराच्या उंबऱ्यात उभे आहेत. केव्हापासून, कोण जाणे.

"गंगी खोटं बोलत हुती?" त्यांनी विचारलं. आवाज अगदी खाली होता.

सलीमभाईंनी रुमाल खिशात घातला.

"एवढी वर्षं," ते म्हणाले. "आन् तिचा षड्ज एकदा बी हलला न्हाई."

ते खाली बसले. एरवी कुणी असं बोललं असतं तर आम्ही हसलो असतो. पण ते वाक्य बोलताना त्यांच्या आयुष्यभराच्या समजुतीचा आधार सुटलेला आम्हाला दिसत होता, आणि आपण तिथून उठून जावं असं मला वाटलं. उठवलं मात्र नाही.

मल्लूनं मान वर केली. "अण्णा, माझ्याबद्दल आई सांगायची ते खरं का?"

पद्मानं माझा हात धरला. मी सतरंजीच्या पट्ट्यांकडे बघत राहिले. त्या प्रश्नाला अण्णा काय उत्तर देतील ते आम्हाला माहीत होतं. समोर मायलेकरांचा एवढाच धागा उरला होता, आणि हा माणूस तोही खरेपणानं तोडून टाकणार.

अण्णांनी गळ्याचा मफलर सैल केला. "व्हय," ते म्हणाले. "खरं हाय."

दुसऱ्या कुणी म्हटलं असतं तर मल्लूनं समजूत म्हणून सोडून दिलं असतं. पण हा माणूस समजूत घालत नाही, हे त्याच्याइतकं कुणाला ठाऊक होतं? त्यानं दोन्ही तळव्यांत तोंड झाकून घेतलं.

सगळे विधी आटोपल्यावर तो पुण्याला गेला. अण्णांना चला म्हणाला. अण्णा "बघू" म्हणाले. रविवारी फोन करतो म्हणाला. तेव्हा "कर" म्हणाले.

त्यानंतर एका दुपारी मी डब्यातून आमटी घेऊन गेले. अण्णा अंधाऱ्या खोलीत एकटेच होते. तंबोरा भिंतीशी उभा, त्याला खोळ घातलेली. डबा ठेवून मी निघणार होते, पण राहवलं नाही.

"अण्णा, एक विचारू? मल्लूबद्दल तुम्ही गंगाक्कांजवळ खरंच तसं बोलायचात?"

"न्हाई," ते म्हणाले. "एक अक्षर बोललो न्हाई कधी. तिनं त्याचं नाव काढलं की मी उठून जायचो."

"मग त्या दिवशी…"

"खोटं न्हाई बोललो, बाई. रोज आठवण यायची. तसा आवाज परत ऐकला न्हाई, हे बी खरंच. मनात हुतं." ते खिडकीकडे वळले. "मी आयुष्यभर खरंच बोललो. पर जे टोचतंय तेवढंच. दुसरं बी खरंच हुतं की, ते काढलंच न्हाई भाईर. आन् तिला न सांगता कसं कळायचं, ते विचारायचं राहूनच गेलं."

समोरच्या कारखान्याच्या पत्र्यावर उन्हाचा चटका वाढत होता. मी डब्याची पिशवी घडी घालत उगाच उभी राहिले.

"बाई," अण्णा म्हणाले, "बसा जरा. तिनं तुमाला माझ्याबद्दल आणिक काय काय सांगितलंय?"

"का हो?"

"मला ठाऊक न्हाई, म्हणून. सांगा की."

मी सतरंजीवर बसले. गंगाक्का जिन्यात उभ्या राहून म्हणायच्या ते एकेक आठवून सांगू लागले. की पहाटे चादर सरकली तर आमचे हे उठून माझ्या अंगावर घालतात. की मी माहेरी गेले की यांना जेवण जात नाही. की माझा 'सा' ऐकल्याशिवाय यांचा दिवस उगवत नाही, पण तसं सांगायची लाज वाटते.

अण्णा मान खाली घालून ऐकत होते. मधे मी थांबले, की ते तसेच, वर न बघता म्हणायचे, "आणिक?"