पळपुटा मिळेना

डाग्नाचा रस्सा उतू गेला आणि वेसार कुळाचा विस्तव विझला. त्या वेळी ती चुलीकडे पाठ करून दिराला, ओलकुरला, शेळ्या मोकळ्या सोडल्याबद्दल फैलावर घेत होती. टेकडीवरच्या सगळ्या घरांची चूल ह्याच विस्तवावर पेटते. तो विझला की गारगोट्या कितीही आपटा, ठिणगी पडत नाही. तीन दिवस आम्ही सगळे भिजवलेले कच्चे जव चावत होतो आणि वरच्या डोंगरावर बर्फ दिसायला लागलं होतं.

ज्याने विस्तव विझवला त्यानेच तो सूर्याच्या घरून आणायचा, कुळाची आदिमाता पहिला विस्तव आणायला गेली त्याच वाटेने. सोबत दोघं न्यायची. एकाने मडकं वाहायचं आणि दुसऱ्याने पळायचं. सूर्याच्या दाराशी कुत्रा असतो. पळपुट्याने घाबरून धूम ठोकायची, कुत्रा त्याच्यामागे लागतो, तेवढ्यात बाकीचे आत शिरतात. आज दिवस मावळायच्या आत नावं सांगितली नाहीत, तर ते दार थेट वसंतातच उघडणार होतं.

मडक्यासाठी डाग्नाने धाकट्या जावेला, ओलकुरच्या बायकोला सिल्वेतला, निवडलं. मग ती ओलकुरकडे वळली.

"भावजी, पळपुटे तुम्ही व्हा."

सिल्वेतने मडकं खाली ठेवलं. "काय म्हणालात?"

"अगं, त्यात काय? गेल्या वर्षी गांधीलमाशी बघून पाण्यात उडी मारली होती ना ह्यांनी?"

"ती गांधीलमाशी नव्हती, वहिनी, अख्खं पोळं होतं!" ओलकुर तांबडालाल झाला. "चारचौघांत माझी लाज काढता? रस्सा सांडला कोणी? तुम्ही! आणि भित्रा मी?"

"सांडला नाही, उतू गेला! आणि तुम्ही शेळ्या बांधल्या असत्या तर मी मान वळवली नसती!"

"भांडण नको, दिवस कलतोय," कथा जपणारे उब्रेक आजोबा म्हणाले. त्यांचं कोण ऐकतंय! ओलकुर तरातरा कुंपणाकडे गेला. आत कुळाचा मेंढा होता. त्याला चारासुद्धा आम्ही लांब काठीने सरकवतो. ओलकुरने कुंपणावरून उडी मारली आणि त्याची शिंगंच धरली. मेंढ्याने त्याला गवतात फेकला. तो उठला, पुन्हा शिंगं धरली, पुन्हा आपटला. तिसऱ्यांदा मेंढाच कंटाळून बाजूला झाला. लोकांनी शिट्ट्या मारल्या, सिल्वेतच्या डोळ्यांत पाणी आलं.

"झालं!" आजोबांनी कपाळावर हात मारला. "आता हा बाद. त्या कुत्र्याला भीतीचा वास लागतो. खोट्या पळण्याला तो हिंग लावूनसुद्धा विचारत नाही."

"मग खरा भित्रा कोण आहे इथे? पुढे या!" डाग्ना गरजली. पन्नास छात्या एकदम फुगल्या. "मेले सगळे शूर! चूल पेटवायला एक भित्रा मिळेना!"

आजोबांनी शेवटी आपली म्हातारी कुत्री सोडली. तिने रांगेतल्या एकेकाचे पाय हुंगले. ओलकुरपाशी शेपटी हलवली, सिल्वेतपाशी जांभई दिली, आणि डाग्नासमोर येऊन ती ताठ उभी राहिली. मग भुंकायला लागली.

"हाड्! चल हाड्!" डाग्ना जितकी ओरडे, तितकी कुत्री जास्त भुंके. सगळे बघत राहिले.

"हो, भीती वाटते मला!" डाग्ना किंचाळली. "त्या वाटेवरून माझी आई परत आली नाही! तीन दिवस झोप नाही मला. कशाला ओरडत होते असं वाटलं तुम्हाला?"

कुणी हसलं नाही. कुत्री गप्प झाली.

"विझवणाऱ्याने जायचं, एवढाच नियम आहे," आजोबा हळू म्हणाले. "त्यानेच पुढे चालायचं, असं कथेत कुठेही नाही."

ओलकुर अंगावरचं गवत झटकत पुढे आला. "पुढे मी चालतो. वहिनी, तुम्ही याल माझ्याबरोबर? पळायला?"

डाग्नाने डोळे पुसले आणि मान हलवली. सिल्वेतने मडकं पुन्हा उचललं, आणि सूर्य कड्याला टेकायच्या आत आजोबांनी तिघांची नावं उच्चारली.

उतारावर ओलकुर वळून म्हणाला, "वहिनी, दाराशी पोचलो की डावीकडे पळा. उजवीकडे दरी आहे."

"मला पळायला शिकवू नका!" डाग्ना खेकसली.

तिच्या ओरडण्याचा त्या दिवसापासून कुणाला राग आला नाही. सिल्वेतने तेव्हा नुसता तिचा हात धरला.