तेलगाव ते कन्याकुमारी, रोज चारशे

मोटारसायकलवरून दिवसाला किती अंतर कापावे, हे इंजिन, रस्ता आणि पाठीचा कणा या तीन गोष्टींवर ठरते, असा समज जगभर आहे. बीड जिल्ह्यात चौथी गोष्टही धरावी लागते. ती म्हणजे माणुसकी.

तेलगावच्या 'बालाघाट रायडर्स' मंडळाने कन्याकुमारीची मोहीम आखली, तेव्हा या प्रश्नावर रीतसर बैठक झाली. अध्यक्ष उत्तरेश्वर यांनी रोज सहाशे किलोमीटर सुचवले. दुसऱ्या एका सदस्याने तीनशे सुचवले. त्याला मूळव्याध असल्याचे उघड झाल्याने सूचना फेटाळण्यात आली. अखेर चारशेवर एकमत झाले. (बॅनरवर हा आकडा शोभतो, हे निर्णायक ठरले.)

बॅनरवर नऊ मोटारसायकली आणि सत्तावीस पुढारी होते. कोणी दुखावू नये म्हणून वाटेवरच्या प्रत्येक मोठ्या गावातून किमान तिघांचे फोटो घेतले होते. दूरदृष्टीच्या या कामात एकच बाब सुटली. ज्याचा फोटो छापला, त्याच्या दारावरून तसेच पुढे जाता येत नाही.

नऊ जणांत हनुमानला कन्याकुमारीत काडीचा रस नव्हता. त्याला मिरजेला उतरायचे होते. वय चौतीस, शेती बागायत, निर्व्यसनी (बायोडाटाप्रमाणे). चार वर्षांत ज्यांनी ज्यांनी 'कळवतो' म्हटले, त्यांपैकी कोणीही कळवले नव्हते. मूळची चकलांब्याची, मिरजेत नर्स असलेली सायली मात्र स्वतः फोनवर म्हणाली होती, "रविवारी सुट्टी आहे. समोर बसून बोलू. मोठी माणसं नंतर आणा." सोमवारी आणखी एका स्थळाला उत्तर द्यायचे आहे, हेही तिने सांगून टाकले होते.

मोहीम शुक्रवारी निघाली. रोज चारशेच्या हिशेबाने हनुमान त्याच रात्री मिरजेत पोचून पुढे दोन दिवस दाढी करत बसणार होता.

झेंडा दाखवणारे पाहुणे दुपारी आले. मग गावातल्याच तीन फोटोंकडे चहा झाला. अंधार पडता पडता घाट ओलांडला आणि बॅनरवरच्या मोहनरावांच्या अंगणात जेवणाच्या पंगतीला मोटारसायकली लागल्या. पहिल्या दिवसाची मजल : धारूर.

शनिवारी धारूरचे उरलेले दोन फोटो होते. शाल, नारळ, भाषण, पोहे. त्यात मोहनरावांना कळले की दुसऱ्यांकडे फेटे बांधले. त्यांनी पुन्हा बोलावले. दुसऱ्या दिवसाची मजल : धारूर.

हनुमानने उत्तरेश्वरांना बाजूला घेतले.

"भाऊ, मी होतो पुढं. तुमी या निवांत."

"एकटा? येडा का बे? मोहनरावाच्या दारातून फेटा न बांधता गेलास तर तुजा बाप दुसऱ्या गटात गेला म्हणतील."

"माज्या लग्नाचं हाय, भाऊ."

"मग आमी काय आड येतो का? संगंच जाऊ. नऊ गाड्या बगून पोरगी लई खूश होती का न्हाई बग!"

(ताफ्याच्या पुढे निघणे हा इतरत्र वेगाचा विषय असतो. येथे तो पक्षांतराचा आहे.)

रविवारी सकाळी सायलीचा फोन आला.

"कुठवर आलात?"

"केजला."

"निघालात कुठून?"

"तेलगावहून."

"कधी?"

"परवा."

"तब्येत बरी आहे ना?"

"बरी हाय. सत्कार चालू हाय."

"कशाचा?"

हनुमानने मंचाकडे पाहिले. "इथवर आल्याचा."

सायली चिडली नाही. "आत्ता निघालात तर संध्याकाळी भेट होईल," एवढेच म्हणाली. "मी थांबते."

ती थांबली. सोमवारी तिने त्या दुसऱ्या स्थळाला होकार कळवला. (तो लातूरहून एसटीने आला होता. उभ्याने.)

मंडळाने मोहिमेचा निष्कर्ष जाहीर केला आहे : दिवसाला एक तालुका पुरे, त्याहून जास्त म्हणजे उर्मटपणा. जिल्ह्यात याचे स्वागत झाले.

हनुमानला कोणी अडवले, अशी विचारणा काही वाचकांनी केली आहे. मंडळाने अडवले नाही. फोन ठेवताच तो उठला होता, हेल्मेट चढवले होते, चावीही फिरवली होती. तेवढ्यात गर्दीतून एक गृहस्थ पुढे झाले. ते, वाचकहो, आपणच. आपण त्याचा हात धरलात, अगदी प्रेमाने त्याला खुर्चीत बसवलेत आणि म्हणालात, "बसा हो, अर्धा कप घ्या. एवढी कशाची घाई? लग्न हाय का काय?"

सगळे हसले. हनुमानही हसला, आणि त्याने हेल्मेट काढून कप हातात घेतला.