कुठलं वीस?

नव्या कॉम्प्युटरवर अक्षरं मुंगीएवढी दिसायला लागली, तेव्हा बाईंनी आधी स्क्रीन पुसली, मग चष्मा पुसला आणि मग सेटिंगच्या फाइलला हात घातला.

बाई बावीस वर्षं यंत्रांच्या माहितीपुस्तिका मराठीत आणत होत्या. ‘झाकण उघडण्यापूर्वी वीज बंद करा’ हे वाक्य त्यांनी इतक्या वेळा लिहिलं होतं की घरात साखरेचा डबा उघडतानाही त्यांची नजर आधी बटणाकडे जायची. कंपनीला मजकूर एका साध्या एडिटरमध्ये हवा असायचा. त्यात अक्षर मोठं करायला बटणबिटण नाही. काय हवं ते सेटिंगच्या फाइलमध्ये लिहायचं आणि सेव्ह करायचं. आकाराच्या ओळीत अकरा होतं. ते खोडून बाईंनी वीस लिहिलं. अक्षर ढिम्म हललं नाही.

“अहो, जरा बघा. मोठं झालं का?”

बाईंचे यजमान घड्याळजी. खिडकीपाशी डोळ्याला भिंग लावून ते एका मनगटी घड्याळाच्या पोटात शिरले होते. त्यांनी भिंग काढलं, बसल्या जागेवरून मान उंचावली आणि म्हणाले, “झालं की! चांगलं टपोरं झालंय.”

बाईंनी पुन्हा स्क्रीनकडे पाहिलं. यांना टपोरं दिसतंय आणि आपल्याला मुंगीएवढं, म्हणजे दोष कुणाच्यात हे उघड होतं. तरी त्यांनी बावीस करून पाहिलं. मग तीस. शेवटी बत्तीस. दर वेळी घड्याळजी मान उंचावून “वा, अजून मोठं!” म्हणाले आणि दर वेळी बाईंचा चेहरा आणखी उतरला. चाळीस वर्षं बारीक काम केलेला माणूस नजरेच्या बाबतीत चुकेल, हे त्यांच्या स्वप्नातही आलं नाही.

दुसऱ्या दिवशी दोघं डोळ्यांच्या डॉक्टरांकडे गेले. बाईंनी तक्ता वरपासून खालपर्यंत वाचला. तळाशी छापखान्याचं नाव होतं, तेही वाचलं.

“डोळे उत्तम आहेत,” डॉक्टर म्हणाले. “आलाच आहात तर तुमचेही तपासू का?”

“माझे?” घड्याळजी उठूनच उभे राहिले. “मी केसाएवढी स्प्रिंग बसवतो, डॉक्टर!” आणि ते गाडी बघायला म्हणून बाहेर गेले.

बाईंचं समाधान झालं नाही. डॉक्टर आपल्याला घाबरवायचं नाही म्हणून गोड बोलतायत, अशी त्यांची खात्री पटली. एक शेवटची आशा म्हणून त्यांनी लेकीला फोन लावला. लेक दूरच्या शहरात सॉफ्टवेअरमध्ये होती.

“फाइल सेव्ह केलीस?”

“चारदा.”

“एडिटर बंद करून सुरू केलास?”

“कॉम्प्युटरसुद्धा.”

“मग दुसरी एखादी सेटिंगची फाइल असेल. पुस्तिकेच्या फोल्डरमध्ये बघ. जवळची फाइल असली की एडिटर तिचंच ऐकतो, लांबचीला विचारत नाही.”

दुसरी फाइल खरंच सापडली. बाईंनी त्यातही बत्तीस लिहिलं. एडिटरने तिचंही ऐकलं नाही. लेकीने एडिटरच काढून पुन्हा घालायला लावला, त्यात दुपार गेली.

“आई, ती ओळ मला अक्षर न् अक्षर वाचून दाखव.”

बाईंनी स्क्रीनला नाक लावून वाचून दाखवली. “आणि पुढे तीन, दोन. बत्तीस.”

“सगळं बरोबर आहे गं.” लेकीनेही हात टेकले. “बाबांना कसं दिसतंय?”

“त्यांना टपोरं दिसतंय.”

मग लेक हळू आवाजात म्हणाली, “आपण अजून एका डॉक्टरांना दाखवू हं, आई.”

बाईंनी फोन ठेवला आणि त्याच एडिटरमध्ये कंपनीला पत्र लिहायला घेतलं. ‘नजर साथ देत नसल्यामुळे यापुढे काम स्वीकारता येणार नाही.’ बावीस वर्षांचं काम एका ओळीत संपलं. त्यांना रडू आवरेना.

हुंदका ऐकून घड्याळजी डोळ्यावरच्या भिंगासकट धावत आले. “काय झालं? काय लिहिलंयस?” ते वाचायला वाकले, वाकले, आणि भिंग स्क्रीनला टेकल्यावर थांबले.

“अगं, हे तर बारीकच आहे!”

“तेच तर सांगतेय चार दिवस!”

“ती सेटिंगची ओळ दाखव.” भिंग ओळीवरून सरकत आकड्यांपाशी अडलं. “हा दोन आपला नाही.”

“आपला नाही म्हणजे?”

“म्हणजे आपलाच आहे! अगं, डायलवरच्या इंग्रजी दोनाला सपाट बूड असतं. याला शेपूट आहे. हा मराठी दोन!”

बाई थिजल्या. कीबोर्ड कायम मराठीवर. बाकी ओळ आधीच लिहिलेली होती. बाईंनी बदलला तो फक्त आकडा, आणि मराठी आकडे एडिटरच्या बापालाही कळत नव्हते. त्यांनी कीबोर्ड इंग्रजीवर नेला आणि तीन, दोन दाबलं.

स्क्रीनवर ‘नजर साथ देत’ एवढंच मावलं. प्रत्येक अक्षर बोटाएवढं! बाईंचा जीव भांड्यात पडला. रडता रडता त्या हसल्या आणि पत्र मुळापासून पुसून टाकलं. लेकीला फोन गेला.

“आई! मी वाचून दाखव म्हटलं होतं ना?”

“दाखवलं की. बत्तीस म्हटलं.”

“पण कुठलं बत्तीस?”

“मला काय माहीत बत्तिसात दोन जाती असतात!”

फोन ठेवून बाईंनी आकार सोळावर आणला. अक्षरं नीट, सुबक दिसायला लागली. इतकं हलकं त्यांना कित्येक दिवसांत वाटलं नव्हतं. घड्याळजी आपल्या खुर्चीत परतले होते.

“राहू दे की बत्तीस,” ते तिथून म्हणाले. “चांगलं होतं. इथून वाचता येत होतं.”

बाईंची बोटं कीबोर्डवर थांबली.

“आणि त्या दिवशी? वीस केलं तेव्हा इथूनच टपोरं दिसलं होतं ना?”

घड्याळजींनी भिंग डोळ्याला लावलं आणि घाईघाईने घड्याळात डोकं खुपसलं.

बाईंनी फोन पुन्हा उचलला. “डॉक्टर, उद्या सकाळी येतोय. नाही, नाही, माझे उत्तमच आहेत. आणि दाराला कडी लावून घ्या हं, पेशंट गाडी बघायला पळतो.”