तानाकाचं स्थळ

"आई, तुले नुसतं नाव द्यायचं आहे. बाकी काही करायचं नाही," अंकित म्हणाला, आणि तिथेच त्याचं चुकलं. जिनं उभ्या आयुष्यात लोकांची नावंच जुळवली, तिला 'नुसतं नाव दे' म्हणणं म्हणजे हलवायाला 'नुसती कढई धर' म्हणण्यासारखं होतं.

सिंधूताई गिरडकर प्रताप नगरातल्या आपल्या घराच्या पुढच्या खोलीत वधू-वर सूचक मंडळ चालवत. चालवत म्हणजे खोली होती, टेबल होतं, समोर दोन खुर्च्या होत्या आणि भिंतीवर जुळलेल्या जोड्यांचे फोटो होते. येणारी माणसं तेवढी बंद झाली होती. हल्ली स्थळं मोबाइलवर यायची, मोबाइलवर पसंत पडायची आणि मोबाइलवरच मोडायची. मध्ये साधा चहासुद्धा होत नसे. घरात माणसं दोनच, सिंधूताई आणि त्यांचा मुलगा अंकित. तो एका कंपनीचं काम घरूनच करायचा, तेही जेवणाच्या टेबलावर. साहेबाशी बोलताना मागून कुकरची शिट्टी व्हायची आणि साहेब विचारायचा, "आज काय, वरण का?" त्यामुळे पुढच्या खोलीवर अंकितचा डोळा होता.

आताचा प्रश्न मात्र फुटबॉलचा होता. अंकित आणि त्याचे मित्र दर हंगामात इंटरनेटवर 'संत्रा लीग' खेळत. खेळत म्हणजे पळत नसत. प्रत्येकाकडे कॉम्प्युटरनं जन्माला घातलेल्या खेळाडूंचा एक संघ. कोण खेळणार आणि कुठे उभा राहणार ते आपण ठरवायचं. रविवारी संध्याकाळी कॉम्प्युटर सामना खेळवतो आणि निकाल सांगतो. दहा संघांपैकी नंदनवन नाइट्स हा संघ मात्र पोरका झाला होता. त्याचा मॅनेजर सौरव याचं लग्न झालं आणि बायकोनं पहिल्याच आठवड्यात त्याच्या मोबाइलमधून लीग काढून टाकली.

"नऊ संघांत वेळापत्रक बसत नाही," अंकित म्हणाला. "आणि सौरवचं लग्न कोणी जुळवलं?"

सिंधूताईंनी भिंतीवरच्या शेवटच्या फोटोकडे पाहिलं. "म्हणजे तू मले भरपाई मागून राहिला का गा?"

"भरपाईच समज. तू शेवटची येशील, पण लीग तं चालंल."

"शेवटची काहून येईन?"

"आई, तुले फुटबॉलमधलं काय समजते?"

"पोरीच्या बापाले तरी सौरवमधलं काय समजत होतं? झालं ना लग्न?"

शब्दाला शब्द लागला आणि पैज ठरली. हंगामाच्या शेवटी सिंधूताई अंकितच्या वर आल्या तर त्यानं पुढच्या खोलीचं नाव पुन्हा काढायचं नाही. खाली राहिल्या तर मंडळ बंद, फोटो कपाटात आणि खोलीत अंकितचं ऑफिस. अंकित इतका निर्धास्त होता की त्यानं तिथल्या तिथे टेप आणून खोलीची मापं घेतली. सिंधूताईंनी टेपचं दुसरं टोक धरून दिलं, पण मनातून त्या हलल्या. ती खोली गेली की आपण फक्त कुकरची शिट्टी उरणार, हे त्यांना कळत होतं.

शेजारच्या कुसुमताईंना सोबतीला घेऊन त्यांनी नंदनवनच्या खेळाडूंची माहिती उघडली आणि दोघींचा जीव भांड्यात पडला. फोटो, वय, उंची, गाव, स्वभाव. हा तर सरळसरळ बायोडाटा!

"हे बाजूचे आकडे कायचे वं?" कुसुमताईंनी विचारलं. "वेग चौदा, किक सतरा?"

"ते सोड. ते पगारासारखं असते, कोणीही काहीही लिहिते. तू स्वभाव वाच."

"इगोर मेंडोसा. किक एकोणीस. स्वभाव तापट."

"काढ त्याले. तापट पोरगा कितीही कमावता असला तरी नको."

"अवं, पण किक विसापैकी एकोणीस आहे!"

"ती किक शेवटी घरच्याच माणसाले बसते, कुसुम."

इगोर मोकळा झाला. अर्ध्या तासात अंकितनं त्याला आपल्या प्रताप नगर पँथर्समध्ये घेतलं आणि मित्रांच्या ग्रुपवर टाकलं, "आईनं हिरा फेकला बे!"

पहिल्या सामन्यात सिंधूताईंची एकच बारीक चूक झाली. पावेल ओकाफोर नावाचा सव्वासहा फुटी, देखणा, निर्व्यसनी पोरगा सगळ्यांच्या मागे जाळीपाशी उभा केलेला पाहून त्यांना वाईट वाटलं. एवढं चांगलं रूप मागे कोण लपवतं? त्यांनी त्याला सगळ्यांत पुढे आणलं आणि जाळीपाशी एक बुटका, लाजरा मुलगा ठेवला. पावेल गोलकीपर होता. नंदनवन सात-शून्यनं हरलं.

दुसऱ्या सामन्याला पावेल जागेवर गेला, पण आता बाकावर बसलेल्या मुलांचं काय? "बसवून ठेवलं की पोराचं मन मोडते," असं म्हणून सिंधूताईंनी सगळ्या राखीव मुलांना मैदानात उतरवलं. चार-शून्य. तिसरा सामना तीन-शून्य. सातावरून तीनावर म्हणजे प्रगती होतीच. गुणांच्या तक्त्यात तेवढी ती दिसत नव्हती. अंकितनं नव्या टेबलाची चौकशी सुरू केली.

मग एका दुपारी कुसुमताईंचं लक्ष दोन चेहऱ्यांकडे गेलं. "हे दोघं उदास काहून दिसून राहिले वं? लिहिलंय, घरची आठवण."

"कुठले आहेत?"

"बोलिव्हिया. दोघंही."

"मग एकाले या टोकाले अन् दुसऱ्याले त्या टोकाले कोणी ठेवलं? गाववाले आहेत ते. जवळजवळ उभे कर."

दोन्ही बोलिव्हियन शेजारी आले आणि दोन दिवसांत त्यांच्या नावापुढे हसरा चेहरा उगवला. सिंधूताईंच्या हातात किल्ली आली. त्यांनी भित्र्याशेजारी धीराचा उभा केला, बडबड्याशेजारी मुका आणि उधळ्याशेजारी चिकट. कॉम्प्युटरमध्ये 'ताळमेळ' नावाचा एक हिशेब आधीपासून होता, पण संत्रा लीगमधल्या पोरांनी तो कधी उघडला नव्हता. ती सगळी आकडे पाहून खेळाडू घेत. चौथा सामना नंदनवननं एक-शून्यनं जिंकला. गोल करणारा पोरगा होता ब्रुनो तानाका. वय बावीस, स्वभाव शांत, घरची ओढ भरपूर. पाचव्या सामन्यातही त्यानंच गोल केला, सहाव्यात दोन. कुसुमताई त्याला तानबा म्हणू लागल्या.

आणि तानाकाला पहिली मागणी आली.

मागणी होती सीताबर्डी स्ट्रायकर्सच्या विक्कीची. हा विक्की सीताबर्डीवर मोबाइलची कव्हरं विकायचा आणि लीगमध्ये फार हुशार समजला जायचा. स्क्रीनवर त्याची रक्कम आली आणि खाली तीन बटणं आली: मंजूर, नामंजूर, विचार चालू आहे.

तानाकाला सोडण्याचा सिंधूताईंचा काडीचाही विचार नव्हता. पण आलेल्या स्थळाला तोंडावर नाही म्हणायचं नसतं, हे त्यांच्या हाडीमाशी मुरलं होतं. नाही म्हटलं की माणसं तुटतात. पत्रिका दाखवतो म्हणावं, मामा गावाला गेलेत म्हणावं, समजणारा समजतो. सिंधूताईंनी तिसरं बटण दाबलं.

आजवर हे बटण कोणीच दाबलं नव्हतं. पोरं तडकाफडकी हो किंवा नाही म्हणून मोकळी होत. त्यामुळे लीगचा एक नियम सगळे विसरले होते: उत्तर येईपर्यंत मागणीची रक्कम कॉम्प्युटरकडे अडकते आणि मागणी परत घेता येत नाही. ग्रुपवर 'तानाका: विचार चालू आहे' असं झळकताच उरलेल्यांना वाटलं, सौदा होत आला. मग प्रत्येकानं घाईघाईनं विक्कीपेक्षा मोठी मागणी घातली. सिंधूताईंनी सगळ्यांचा सारखाच मान राखला. तिसरं बटण, तिसरं बटण, तिसरं बटण. इतकी स्थळं येताहेत म्हटल्यावर तानाकाचा चेहरा 'आनंदी'वरून 'अत्यानंदी'वर गेला आणि तो सामन्याला दोन-दोन गोल करू लागला.

बाकीच्यांच्या संघांत तोवर कोणाचा गुडघा गेला, कोणाचा घोटा. नवे खेळाडू घ्यावेत तर पैसे कॉम्प्युटरच्या पोटात. एका रविवारी विक्की स्वतः प्रताप नगरात येऊन पुढच्या खोलीतल्या खुर्चीवर बसला.

"काकू, हो म्हणा, नाही तं नाही म्हणा, पण काहीतरी म्हणा! माझा गोलकीपर प्लास्टरमध्ये आहे. दुसरा घ्याले पैसा नाही."

"चिवडा घे. आई कशी आहे तुझी?"

"बरी आहे. काकू, तो तानाका..."

"असं घाईनं होत असते का बेटा? पोराच्याही मनाचं पाहा लागते. तुमच्याकडं कोण कोण असते?"

"घरी का टीममध्ये?"

"दोन्ही सांग."

विक्कीनं दोन्ही सांगितलं. टीमचं सांगताना त्यानं चिवड्याची बशी बाजूला ठेवली.

त्याच दिवशी जेवताना अंकितनं विषय काढला. "आई, माझीबी ऑफर पडून आहे."

"पाहिली. चांगलं स्थळ आहे. घरचंच आहे."

"मग?"

"पाहू ना. भाजी घे."

अंकितनं लीगचे नियम उघडून पहिल्यापासून वाचले. कोण्या गाढवानं हा नियम केला ते त्याला पाहायचं होतं. खाली संस्थापक म्हणून त्याचंच नाव होतं. मग त्यानं भाजी घेतली.

हंगामाचा शेवटचा रविवार उजाडला तेव्हा तक्त्यात अंकितचे पँथर्स पहिले होते आणि नंदनवन एका गुणानं दुसरं. सामना या दोघांचाच. बरोबरी झाली तरी खोली अंकितची. सिंधूताईंना जिंकणंच भाग होतं. अंकित जेवणाच्या टेबलावर बसला, सिंधूताई आणि कुसुमताई पुढच्या खोलीत. मध्ये एक दार आणि दोन्हीकडे एकच हिरवं मैदान, त्यावर पळणारे रंगीत ठिपके.

पँथर्सनं पहिला गोल केला. आतून "येस्स!" ऐकू आलं. तानाकानं फेड केली. कुसुमताईंनी दाराकडे तोंड करून "येस्स!" म्हटलं. एक-एक. मग बराच वेळ काहीच घडेना. शेवटची दहा मिनिटं उरली. सिंधूताई भिंतीवरचे फोटो पाहू लागल्या. यातले किती कपाटात मावतील, याचा त्यांनी अंदाजही घेतला.

"अवं सिंधू, इकडं पाह्य!" कुसुमताई ओरडल्या.

स्क्रीनवर वाक्य आलं होतं: इगोर मेंडोसा पंचांशी हुज्जत घालत आहे. मागोमाग दुसरं: इगोर मेंडोसानं पंचांना ढकललं आहे. मग लाल रंगाचा चौकोन.

"अबे इगोर, काहून बे!" आतून अंकितचा आवाज आला.

"सांगितलं होतं मी!" सिंधूताई दाराकडे बघून म्हणाल्या. "कमावता असून उपयोग नसते!"

दहा जणांच्या पँथर्सना आता नुसता वेळ काढायचा होता. पण एका बोलिव्हियननं चेंडू दुसऱ्याला दिला, दुसऱ्यानं पहिल्याला, पहिल्यानं पुन्हा दुसऱ्याला. दोघं गावच्या गप्पा मारत चालल्यासारखे पँथर्सच्या मधून निघून गेले आणि शेवटी चेंडू तानाकाच्या पायात ठेवला. शांत स्वभावाच्या मुलानं शांतपणे तो जाळीत घातला. दोन-एक. पुढच्या मिनिटाला सामना संपला.

कुसुमताईंनी सिंधूताईंना अशी मिठी मारली की खुर्ची उलटली. रस्त्यावर कोणी फटाके वाजवत नव्हतं, याचंच दोघींना नवल वाटलं. अंकित दारात येऊन उभा राहिला.

"चॅम्पियन झाली तू," तो म्हणाला. "पहिल्याच सीझनले."

"हाव. अन् खोली?"

"तुझी."

"कायमची?"

"कायमची, माय."

दुसऱ्याच आठवड्यात विक्कीची आई विक्कीचा फोटो घेऊन आली. कॉम्प्युटरमधले पोट्टे ज्या बाईला समजतात तिला आपला पोट्टा समजेल, असा तिचा हिशेब होता. तिनं आणखी दोघींना सांगितलं, त्या दोघींनी चौघींना. पुढच्या खोलीत पुन्हा चहाचे कप खणखणू लागले, आणि आता साहेब अंकितला विचारायचा, "आज काय, पाहुणे का?"

नव्या हंगामाची खरेदी सुरू झाली त्या दिवशी अंकित आतल्या दारानं न येता बाहेरून फिरून आला. त्यानं दारात चपला काढल्या, बेल वाजवली आणि आईच्या टेबलासमोरच्या खुर्चीवर बसला.

"तानाकासाठी आलो," तो म्हणाला. "आता सीधं सांग."

सिंधूताईंनी चष्मा काढला. "अशी बोलणी पोरासोरांशी होत नसतात गा. घरातल्या मोठ्या माणसाले घेऊन ये."

"आई, माझ्या घरात मोठं माणूस तूच आहे!"

सिंधूताई विचारात पडल्या. मुद्दा बरोबर होता. त्या उठल्या, टेबलाला वळसा घालून आल्या आणि अंकितशेजारच्या दुसऱ्या खुर्चीवर बसल्या. पदर सारखा केला. समोरच्या आपल्याच रिकाम्या खुर्चीला त्यांनी हात जोडले.

"नमस्कार. आम्ही प्रताप नगरचे गिरडकर. हा आमचा अंकित. थोडा घाईचा आहे, पण मनानं लय चांगला आहे. तुमचं पोरगं सुखात ठेवील."

अंकितनं शर्टाची कॉलर नीट केली आणि मान खाली घालून बसला.