पाचोळ्यातली शीळ

सर्जेरावांचं कानाचं यंत्र पाचोळ्यात हरवलं, त्याला कारणही पाचोळाच. विश्रांतवाडीतल्या त्यांच्या अंगणातला बदाम दर फाल्गुनात लालभडक पानांचा खच पाडी. यंत्र लावून खराटा मारायला लागलं की ती खरखर कानात करवतीसारखी शिरे. म्हणून त्यांनी यंत्र काढून पायरीवर ठेवलं, आणि दहा मिनिटांनी पायरीही झाडून काढली.

"अगं, माझं यंत्र!" हाक ऐकून तुळजाबाई पिठाच्या हातांनीच बाहेर आल्या. पुढ्यात कमरेएवढा ढीग.

"बंद केलं हुतं का?" त्या ओरडल्या.

"गंध? आत्ता गंध कशाला?"

म्हणजे बंद केलं नव्हतं. हे यंत्र चालू असताना दाबलं गेलं की बारीक शीळ घाली. पण ती टिपायला तसाच कान हवा. तुळजाबाईंनी शेजारच्या शमशुद्दीनभाऊंना हाक मारली. बुधवार पेठेत चाळीस वर्षं घड्याळं दुरुस्त केलेला माणूस. ते आले, ढिगाशेजारी पालथे पडले आणि कान लावून म्हणाले, "शूऽऽ! येतेय शिट्टी. पण नेमकी कुठून, ते कळेना."

समोरच्या इमारतीच्या गॅलरीतून उल्का हे बघत होती. "काका, साप आहे का?" तिने घाबरून विचारलं.

सर्जेरावांच्या कानात त्यातलं 'साप' एवढंच शिरलं. पुढचं 'डलं का' त्यांनी स्वतःच जोडलं. "न्हाई अजून!" ते उत्साहाने ओरडले. "पर हाय त्यातच! शिट्टी मारतंय!"

पाव तासात फाटकाशी वीसेक माणसं जमली. प्रत्येकाने कुणाला तरी फोन केला होता. एक गृहस्थ रॉकेलचा डबा घेऊनच आले. "पेटवून द्या सरळ!"

तुळजाबाई खराटा उगारून ढिगापुढे उभ्या राहिल्या. "खबरदार! माझ्या नवऱ्याचा कान हाय त्यात!"

गर्दी दोन पावलं मागे सरली. "तोडला?" रॉकेलवाल्यांनी पडलेल्या आवाजात विचारलं.

शेवटी श्रीधर नावाचा सर्पमित्र मोटारसायकलवरून आला. लांब आकड्याने त्याने सगळा ढीग उपसून अंगणभर पसरला आणि कपाळाचा घाम पुसत म्हणाला, "साप फुसकारतो हो, शिट्टी वाजवत नाही." तो गेला, गर्दी गेली, शमशुद्दीनभाऊ कपडे झटकत जेवायला गेले. आता ती शीळही थांबली होती.

उरले दोघं. तुळजाबाईंनी नवऱ्याला खुणेनं बसायला सांगितलं, आणि दोघं एकेक पान चाळू लागले. सर्जेराव टोपी कानांवर ओढून, मान खाली घालून मन लावून शोधत होते. त्या वाकलेल्या पाठीकडे बघता बघता तुळजाबाईंना काय वाटलं कोण जाणे.

"तुमाला ऐकू येत न्हाई तवर सांगून टाकते," त्या म्हणाल्या. "लगीन होऊन महिना झाला हुता. घर माणसांनी भरलेलं, तुमी माझ्याशी एक शबुद बोलत न्हवता. ह्याच झाडाखाली मी जोडवं हरवलं म्हणून रडत बसले. सासूबाई ओरडतील म्हणून तुमी अख्खी दुपार माझ्यासंगं पानं चाळलीत. तवा पयल्यांदा मला नावानं हाक मारलीत." त्यांनी दोन पानं उगाच उलटीपालटी केली. "जोडवं माझ्या पदराच्या गाठीत हुतं. मला नुसतं तुमच्यापाशी बसायचं हुतं."

सर्जेराव पानं चाळतच राहिले. इतक्या वर्षांचं मनातलं बाहेर पडलं, म्हणून तुळजाबाईंना एकदम हलकं वाटलं. थोड्या वेळाने त्या गुडघ्यांवर हात टेकून उठल्या आणि ओरडल्या, "उठा आता! नवीन घिऊ!"

"वरडू नगंस एवढी," सर्जेराव हळूच म्हणाले. त्यांनी टोपी जरा वर सरकवली. यंत्र कानात होतं.

तुळजाबाईंचं तोंड उघडंच राहिलं. "कवा सापडलं?"

"तो सापवाला गेला तवाच. माझ्याच धोतरात अडकलं हुतं."

"मग एवढा वेळ काय चाळत बसला हुता?"

सर्जेरावांनी एक लाल पान उचललं आणि मांडीवर ठेवून सरळ केलं. "बसायचं हुतं," ते म्हणाले.

तुळजाबाईंनी पदर खोचला, पुन्हा खाली बसल्या आणि कोपऱ्यातली राहिलेली पानं पुढ्यात ओढली.